विंडोज बदलली, ब्राउझर हँग झाला. दोष नेमका कुठे?

कोराडीच्या वीज केंद्रातला ६६० मेगावॅटचा एक संच बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. त्याच कोराडीत एखाद्या सेवा केंद्रातला एकुलता एक संगणक दुपारभर हँग राहिला, तर त्याची बातमी होत नाही. रांगेतली माणसे उद्या या म्हटल्यावर घरी जातात, एवढेच. पण उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, आयुष्मान कार्ड ही सगळी कामे आज ब्राउझरच्या एका खिडकीतून होतात. क्षयरुग्णांची नोंद ठेवणारी ‘निक्षय’ प्रणाली आणि दूरच्या डॉक्टरशी गाठ घालून देणारी ‘ई-संजीवनी’ यासुद्धा संगणकावर ब्राउझरमधूनच उघडतात. तो गोठला की शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चुकू शकते आणि रुग्णाचा सल्ला अर्धवट राहू शकतो.

हा प्रश्न आत्ताच वर येण्याला कारण आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा सुधारणांसाठी वाढीव मुदत मिळते, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. त्यामुळे घरे, दुकाने, शाळा आणि कार्यालये विंडोज ११ कडे वळत आहेत. अनेक ठिकाणी अनुभव सारखाच येतो: विंडोज नवी झाली, आणि कालपर्यंत बरा चालणारा ब्राउझर मध्येच थांबू लागला. मग कुणी ब्राउझरला दोष देतो, कुणी इंटरनेटला, कुणी व्हायरसला. शेवटी मशीन ‘फॉरमॅट’ होते किंवा नव्या संगणकाचा खर्च गळ्यात पडतो. बऱ्याचदा या दोन्हींची गरज नसते.

२०१८ चा धडा

याच तक्रारीचे एक ठळक उदाहरण २०१८ चे आहे. त्या वर्षी ३० एप्रिलपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची ‘एप्रिल २०१८ अपडेट’ जगभर पोहोचवायला सुरुवात केली. काही दिवसांतच तक्रारी आल्या. क्रोम ब्राउझर चालू असताना पडदा जागच्या जागी गोठायचा, माऊस हलेनासा व्हायचा, बटण दाबून संगणक बंद करण्यावाचून इलाज उरायचा नाही. अनेकांनी क्रोम काढून पुन्हा टाकले. त्याने काही झाले नाही.

मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला. तोवर पडदा जागा करण्यासाठी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबण्याचा तात्पुरता उपाय सुचवला. ८ मे २०१८ च्या सुधारणेत हा दोष दुरुस्त झाल्याचे कंपनीने कळवले. म्हणजे त्रास क्रोममध्ये दिसत होता, पण औषध विंडोजमध्ये निघाले. लक्षण जिथे दिसते तिथेच रोग असतो असे नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असलेले सत्य संगणकालाही लागू पडते.

त्याच वर्षी ऑक्टोबरची मोठी अपडेट आली, तेव्हा काहींच्या फायलीच नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ती मागे घेतली आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिली. पहिल्याच आठवड्यात घाई करणाऱ्यांना कशाचा धोका असतो, हे दाखवायला ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

हँग होणे म्हणजे काय?

माऊसची प्रत्येक क्लिक आणि कळफलकावरचे प्रत्येक अक्षर विंडोज त्या त्या प्रोग्रामकडे निरोप म्हणून पाठवते. प्रोग्रामने ते निरोप रांगेतून उचलायचे असतात. पाच सेकंद त्याने एकही निरोप उचलला नाही, तर विंडोज त्याला ‘प्रतिसाद देत नाही’ असे ठरवते आणि खिडकी फिकट पडते. प्रोग्राम मेलेला नसतो. तो दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत अडकलेला असतो. तो कुणाची वाट पाहतो आहे, हे शोधणे म्हणजेच निदान.

कोराडीकरांना हे वीज केंद्राच्या रचनेवरून पटकन कळेल. तिथे प्रत्येक संचाचा बॉयलर वेगळा, टर्बाइन वेगळे, जनित्र वेगळे. एक संच ट्रिप झाला तरी बाकीचे वीज देत राहतात. २००८ मध्ये क्रोम आला तो हीच कल्पना घेऊन. प्रत्येक टॅबचे काम वेगळ्या प्रक्रियेत ठेवायचे, म्हणजे एक पान कोसळले तरी सारा ब्राउझर कोसळत नाही. आज बहुतेक ब्राउझर असेच बांधलेले असतात.

पण कोळसा वाहून आणणारी यंत्रणाच थांबली, तर संच कितीही धडधाकट असले तरी किती वेळ चालणार? ब्राउझरमध्येही अशी एक सामायिक यंत्रणा असते. सगळ्या टॅबची चित्रे, व्हिडिओ आणि अक्षरे पडद्यावर रंगवण्याचे काम एकच वेगळी प्रक्रिया ग्राफिक्स चिपकडून करवून घेते. त्या चिपशी बोलायला ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा लागतो. विंडोज बदलली की अनेकदा हा दुभाषाही बदलतो, किंवा जुनाच राहतो आणि त्याला नवी भाषा नीट येत नाही. चिपकडून दोन सेकंदांत उत्तर आले नाही, तर विंडोज ड्रायव्हरला नव्याने सुरू करते. त्या वेळी पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. असे वारंवार होत असेल, तर संशयाची पहिली सुई ग्राफिक्स ड्रायव्हरकडे जायला हवी.

अडथळ्याच्या इतर जागा

ड्रायव्हरनंतर क्रम लागतो रॅम आणि हार्ड डिस्कचा. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम सांगितलेली आहे. पण एवढ्या रॅमवर विंडोज उघडते, तिच्यावर काम सुखाने होईलच असे नाही. २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरमधील दोषापासून बचाव म्हणून क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत बंदिस्त केले. त्यासाठी १० ते १३ टक्के जास्त रॅम लागते, असे गुगलनेच तेव्हा सांगितले होते.

रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. जुन्या संगणकातली फिरती हार्ड डिस्क इथे दम तोडते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन माहिती उचलायला साधारण १२ ते १५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला अशा सत्तर-ऐंशीच खेपा. एसएसडी तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. त्यात नव्या विंडोजची पहिल्या दिवसांतली कामे असतात: फायलींची सूची बनवणे, सुरक्षा तपासणी, राहिलेल्या सुधारणा उतरवणे. या काळात डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसते आणि ब्राउझर तिच्या रांगेत उभा असतो. असा त्रास दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरू शकतो.

आणखी एक जागा म्हणजे ब्राउझरला चिकटलेली उपांगे. वर्षानुवर्षे साठलेली एक्स्टेन्शन, आणि एकाच मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस. अँटिव्हायरस ब्राउझरच्या आत शिरून येणारी माहिती तपासतो. विंडोज बदलल्यावर त्याची जुनी आवृत्ती अडखळली, तर ब्राउझरही अडखळतो.

सेवा केंद्रांसाठी याहून महत्त्वाचा दुवा वेगळाच आहे. अंगठा घेणारे बायोमेट्रिक यंत्र किंवा डिजिटल सही यांच्याशी ब्राउझर थेट बोलत नाही. त्याच संगणकावर एक छोटा प्रोग्राम चालू असतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावरून बोलतो. पान इंटरनेटवरचे, पण अंगठ्याची ने-आण घरातल्या घरात. ऑक्टोबर २०२५ च्या मासिक सुधारणेनंतर विंडोज ११ वर या घरच्या पत्त्यावरच्या काही जोडण्या तुटू लागल्या. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केले आणि दोषी बदल मागे घेण्याची सोय दिली. याच सुधारणेने संगणक दुरुस्तीसाठी उघडणाऱ्या संकटकाळच्या पडद्यावर यूएसबी माऊस आणि कळफलक चालेनासे केले होते. त्यावरची दुरुस्ती २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे द्यावी लागली. इंटरनेट सुरळीत, बाकीची पाने उघडतात, आणि फक्त अंगठा किंवा सही घेताना चाक फिरत राहते, असे दिसले तर तपास याच दुव्यापासून सुरू करायला हवा.

शेवटची जागा नागपूरकरांच्या ओळखीची आहे: उष्णता आणि धूळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. कॅबिनेटमधला पंखा धुळीने भरलेला असेल, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. विंडोज ११ चे ओझे वाढले आणि त्याच वेळी उन्हाळा लागला, तर दोष अपडेटच्या माथी जातो. उपाय मात्र ब्रश आणि ब्लोअर इतका साधा असू शकतो.

‘बायपास’चा मोह

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून सुरू होते. त्याआधीचे संगणक नियमाने अपात्र ठरतात. यावर बाजारात तोड मिळते. तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाकून दिली जाते. ती चालतेही. पण अशा मशीनला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. शिवाय जुन्या ग्राफिक्स चिपसाठी बनवणाऱ्या कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेलाच नसेल, तर ब्राउझरचा त्रास कायमचा राहू शकतो. पैसे वाचवायला केलेली ही सोय पुढे महागात पडते.

म्हणून अपडेट बंदच करून टाकावी, हा निष्कर्ष मात्र त्याहून घातक आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. ज्या दोषातून तो शिरला, त्यावरची सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती त्यांत ब्रिटनची सरकारी रुग्णालयेही होती. तिथे रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या, असा अंदाज नंतर मांडला गेला. अपडेटने काही वेळ ब्राउझर गोठतो. अपडेट न घेतल्याने अख्खे रुग्णालय गोठू शकते.

खोटे हँग ओळखा

एक हँग मुद्दाम घडवलेले असते. अचानक पूर्ण पडदाभर लाल-निळी सूचना येते, भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक बंद केला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर दिसतो आणि माऊस काही करू देत नाही. हे केवळ एक फसवे पान असते. विंडोजच्या खऱ्या दोष-सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केप कळ काही सेकंद दाबून धरा. तरी सुटले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळांनी टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. त्या क्रमांकावर फोन करू नका. सांगितलेले ‘मदतीचे’ अ‍ॅप टाकू नका. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा.

तपास क्रमाने करा

खरे हँग असेल, तर घाईने चार उपाय एकदम करू नयेत. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करा, आणि तो कागदावर लिहा.

आधी लक्षण नीट पाहा. माऊस हलतो का? कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकते का? बाकीचे प्रोग्राम चालतात का? सगळेच थांबले असेल, तर २०१८ मधल्या त्या चार कळा आजही उपयोगी आहेत. त्यांनी पडदा परत आला, तर गडबड ग्राफिक्सच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त.

मग दुसरा ब्राउझर लावून पाहा. इथे एक चूक सर्रास होते. क्रोममध्ये त्रास म्हणून लोक एजमध्ये जातात. पण जानेवारी २०२० पासून एजही क्रोमच्याच गाभ्यावर बांधलेला आहे. ती खरी तुलना नव्हे. फायरफॉक्सचा गाभा वेगळा आहे, तो लावून पाहावा. फायरफॉक्सही थांबत असेल, तर ब्राउझरचा दोष असण्याची शक्यता कमी होते.

फक्त क्रोम किंवा एज थांबत असेल, तर सगळी एक्स्टेन्शन बंद करून पाहा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले, की कोणता टॅब किती रॅम खातो ते दिसते. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंगमधल्या ‘सिस्टीम’ भागात जाऊन ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. याने त्रास थांबला, तर ड्रायव्हरचा दोष जवळपास पक्का होतो. नवा ड्रायव्हर संगणक बनवणाऱ्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ अशी जाहिरात करणारी साधने टाळलेलीच बरी.

एवढे करूनही जमले नाही, तर मागे फिरण्याची वाट असते. विंडोज ११ घेतल्यापासून दहा दिवसांपर्यंत सेटिंगमधल्या ‘रिकव्हरी’तून जुन्या विंडोजवर परत जाता येते. त्यासाठी लागणाऱ्या फायली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये असतात. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात पहिल्याच दिवशी तो फोल्डर पुसला, तर ही वाट बंद होते.

संस्थांनी काय करावे?

वीज केंद्रात सगळे संच एकाच दिवशी देखभालीला काढत नाहीत. एक थांबतो, बाकीचे चालतात. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत आणि सेवा केंद्र यांनाही हीच शिस्त हवी. आधी एकच संगणक बदलावा. त्यावर प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सही आणि रोज लागणारी संकेतस्थळे एकेक करून तपासावीत. आठवडाभर खरे काम त्यावर करावे. मग बाकीच्यांना हात लावावा. माहितीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आधीच काढलेली असावी. आणि अर्जाची अंतिम तारीख जवळ असताना विंडोज बदलू नये.

जुन्या पण पात्र मशीनसाठी नवा संगणक घेण्याआधी एसएसडी आणि ८ जीबी रॅम यांचा विचार करावा. अनेकदा तेवढ्यावर काम भागते. पात्र नसलेल्या मशीनसाठी शाळांना एक स्वस्त मार्ग आहे. शैक्षणिक संस्थांसाठी वाढीव सुरक्षा सुधारणांचा दर पहिल्या वर्षी दर संगणकामागे एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा ठेवलेला आहे. उद्योगांसाठी तोच दर पहिल्या वर्षी ६१ डॉलर आहे. केवळ ब्राउझर आणि लेखनकामासाठी लिनक्सही चालते. केरळच्या सरकारी शाळांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले आहे. मात्र अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सही लिनक्सवर चालते का, हे आधी तपासावे लागेल.

सरकारी संकेतस्थळे चालवणाऱ्यांवरही जबाबदारी येते. अर्धा भरलेला अर्ज मध्येच जतन झाला, तर ब्राउझर गोठला तरी माणसाची मेहनत वाया जात नाही. संगणकावर अडलेले काम मोबाइलवर करता आले, तर रांगही अडत नाही. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून स्मार्टफोनवर चेहऱ्याने पडताळणी करता येते. असा दुसरा रस्ता प्रत्येक महत्त्वाच्या सेवेला असायला हवा.

संगणकात अपडेट येत राहणार, आणि त्यातली एखादी चुकणारही. ती चूक टाळणे सेवा केंद्राच्या चालकाच्या हाती नाही. पण एक चालू मशीन राखून ठेवणे, एक प्रत बाजूला ठेवणे आणि फॉरमॅट मारण्याआधी अर्धा तास शांतपणे तपासणे, एवढे नक्कीच त्याच्या हाती आहे. तेवढे झाले, तर रांगेतल्या माणसाला उद्या या म्हणायची वेळ कमी वेळा येईल.